रुमाल टाकून अडवलेलं कनेक्शन

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि सॉफ्टवेअर

या वेळी डेटाबेसच्या कनेक्शनबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकाला ठेवले. लिहिणारे वेगवेगळे आहेत. कुणी साखर कारखान्याच्या काट्यावरचे, कुणी गांधीनगरच्या कापड दुकानातले, कुणी उद्यमनगरातले, कुणी दूध संकलन केंद्रावरचे. दुखणं मात्र बहुतेकांचं एकच आहे. कनेक्शन घेतलं, काम झालं, आणि ते परत करायचं राहून गेलं.

आमच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जावात लिहिलेलं सॉफ्टवेअर आहे, डेटाबेस पोस्टग्रेस. एरवी कधी तक्रार नाही. गाळप सुरू झालं की दोन-तीन दिवसांआड रात्री काटा अडतो. पावती निघत नाही, बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. सर्व्हर रीस्टार्ट केला की सुरळीत. करून देणारे म्हणतात रॅम वाढवा. वाढवावी का? प्रोग्रॅम कनेक्शन आपोआप बंद करत नाही का?
एक वाचक, कागल तालुका

रॅमला हात लावू नका. रीस्टार्टने बरं होणारं आणि दोन दिवसांनी परत येणारं दुखणं बहुतेक वेळा गळतीचं, म्हणजे घेतलेलं कनेक्शन परत न केल्याचं असतं. रॅम वाढवून गळती थांबत नाही.

आधी कनेक्शन म्हणजे काय ते बघू. प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यात चालू ठेवलेली ती एक लाईन आहे. ती जोडताना टीसीपीचे (नेटवर्कवर बोलायच्या पद्धतीचे) तीन निरोप जातात-येतात, टीएलएस (बोलणं गुप्त ठेवायची सोय) असेल तर त्याची बोलणी होतात, मग पासवर्डची तपासणी. शिवाय पोस्टग्रेस त्या एका कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करतो. म्हणजे कनेक्शन उघडं राहिलं की पलीकडे एक प्रोसेस, तिची मेमरी आणि एक जागा अडून राहते. या जागा मोजक्या असतात. पोस्टग्रेसमध्ये ‘मॅक्स कनेक्शन्स’ची मूळ मर्यादा १०० आहे आणि त्यातल्या ३ सुपरयूजरसाठी (डेटाबेसच्या मुख्य व्यवस्थापकासाठी) राखीव, म्हणजे तुमच्या वाट्याला ९७.

प्रत्येक पावतीला नवी लाईन जोडणं महाग पडतं, म्हणून जावाचे प्रोग्रॅम बहुधा पूल वापरतात. थोडी कनेक्शनं आधीच उघडून ठेवायची आणि आलटून-पालटून वापरायची. जावाचे बरेच प्रोग्रॅम ज्या तयार चौकटीवर लिहितात त्या स्प्रिंग बूटमध्ये २.० पासून मूळचा पूल हिकारीसीपी आहे आणि त्यात काही बदललं नसेल तर जास्तीत जास्त १० कनेक्शनं असतात. सगळी अडली की अकरावा मागणारा ३० सेकंद थांबतो आणि मग ‘कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असा निरोप लॉगमध्ये येतो. तुमच्या लॉगमध्ये तो शोधा. हिकारीच्या नव्या आवृत्त्यांत त्याच ओळीत एकूण, वापरात, मोकळी आणि थांबलेले असे चार आकडेही असतात.

आता ‘आपोआप’बद्दल. प्रोग्रॅमची प्रोसेस संपली की ऑपरेटिंग सिस्टीम त्याची सगळी सॉकेट्स बंद करते, हे खरं. पण काट्याचा सर्व्हर हंगामभर संपतच नाही. पूलमधून उसनं घेतलेलं कनेक्शन कोडने परत केलं नाही, तर पूलच्या लेखी ते वापरातच राहतं. हिकारीत कनेक्शनचं कमाल आयुष्य ३० मिनिटं धरलेलं असतं, पण तो नियम परत आलेल्या कनेक्शनला लागतो. वापरात असलेलं पूल ओढून घेत नाही.

मग फक्त गाळपातच का? असा कोड बहुधा एका ओळीत कनेक्शन घेतो, मधल्या ओळींत पावती लिहितो आणि शेवटच्या ओळीत बंद करतो. सगळं नीट झालं तर शेवटची ओळ चालते. पण पावती लिहिताना चूक झाली, समजा तोच पावती क्रमांक दुसऱ्यांदा आला आणि डेटाबेसने नाकारला, तर कोड तिथूनच बाहेर पडतो आणि बंद करायची ओळ कधी येतच नाही. एरवी महिन्यात एखादी दुबार पावती होत असेल. तेवढ्यात कधी वीज जाते, कधी अपडेट येतो, सर्व्हर आपसूक रीस्टार्ट होतो आणि गळती झाकली जाते. गाळपात दिवसरात्र वाहनं चालू, माणसं थकलेली, बटण दोनदा दाबलं जातं. अशा दहा चुका झाल्या की दहा कनेक्शनं गेली आणि काटा अडला.

खात्री करायची तर काटा अडलेला असतानाच करा, रीस्टार्टच्या आधी. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी’ नावाचा तक्ता आहे. त्यातले तीन रकाने बघा: स्टेट (कनेक्शनची अवस्था), स्टेट चेंज (ती कधी बदलली) आणि क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा). पूल म्हणतो दहाही वापरात, आणि डेटाबेस म्हणतो दहाही ‘आयडल’, तर ती गळती. घेणाऱ्याने घेऊन ठेवलंय, काम काहीच चालू नाही. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ दिसलं तर गळतीबरोबर व्यवहारही (ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळी मिळून पक्की किंवा रद्द व्हायची कामं) अर्धवट लटकलाय, आणि ते जास्त वाईट, कारण त्याने धरलेली कुलुपं बाकीच्यांना अडवतात. सगळी ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसली तर मात्र गळती नाही, क्वेरी संथ आहे किंवा एकमेकांची वाट बघत बसल्या आहेत. तो रोग वेगळा. क्वेरीच्या रकान्यात त्या कनेक्शनवर शेवटी काय चाललं ते दिसतं. दहाही ओळींत तीच पावतीची क्वेरी असेल तर कोडमधली जागा सापडलीच म्हणा.

नाही सापडली तर हिकारीचं ‘लीक डिटेक्शन थ्रेशहोल्ड’ चालू करा. मुळात ते बंद असतं. २००० मिलिसेकंदांपेक्षा कमी चालत नाही. तुमच्यासाठी २०००० ठेवा. वीस सेकंदांत परत न आलेलं कनेक्शन कोडच्या कोणत्या ओळीवर घेतलं गेलं, ते लॉगमध्ये छापलं जाईल. हे फक्त सांगतं, कनेक्शन सोडवत नाही. आणि तेच कनेक्शन पुढे परत आलं तर तसाही निरोप येतो. तो आला तर गळती नसून नुसता उशीर आहे असं समजा.

दुरुस्ती छोटी आहे. जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून, ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ आहे. कनेक्शन, स्टेटमेंट (त्यावर पाठवायची आज्ञा) आणि रिझल्टसेट (तिचं उत्तर) तिन्ही ट्रायच्या कंसात उघडायची. ब्लॉकमधून कसंही बाहेर पडलं, नीट किंवा चूक होऊन, तरी ती उघडल्याच्या उलट क्रमाने बंद होतात. जुना फायनलीचा (चूक झाली तरी शेवटी चालणाऱ्या ब्लॉकचा) प्रकार असेल तर एक फट तपासा. रिझल्टसेट बंद करतानाच चूक झाली तर त्याखालची कनेक्शन बंद करायची ओळ राहून जाते. स्प्रिंगचं जेडीबीसी टेम्प्लेट वापरलं तर ही काळजी ते स्वतः घेतं. पण डेटासोर्सकडून, म्हणजे पूलकडून, हाताने कनेक्शन मागितलंत की परत करायची जबाबदारी तुमचीच.

दुरुस्त झालं का ते हंगामाची वाट न बघता तपासता येतं. चाचणीच्या मशीनवर पूलचा आकार २ करा आणि आधीच नोंदलेला एक पावती क्रमांक तीनदा पाठवा. गळती असेल तर पहिल्या दोन वेळा लगेच नकार येईल आणि तिसऱ्या वेळी स्क्रीन ३० सेकंद अडेल. गळती गेली असेल तर तिन्ही वेळा लगेच नकार. करून देणाऱ्यांकडून ही चाचणी समोर बसून करून घ्या.

पूल वापरतोय, तर क्लोज कशाला लिहायचं? क्लोज केलं की पूलमधलं एक कनेक्शन कमीच होणार ना?
विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर

होत नाही. पूल तुम्हाला खरं कनेक्शन थेट देत नाही, त्याच्यावर आपलं वेष्टण घालून देतो. त्या वेष्टणाचं क्लोज म्हणजे ‘माझं झालं, पुढच्याला द्या’. पलीकडची लाईन चालूच राहते.

मध्यवर्ती बसस्थानकावर गर्दीच्या वेळी खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसं समजा. रुमालवाला आला, बसला, उतरला, सीट मोकळी. पण रुमाल टाकून माणूस आलाच नाही, तर बस निघाली तरी सीट रिकामी आणि लोक उभे. क्लोज न करणं म्हणजे तो विसरलेला रुमाल. पूल नसता तर डेटाबेसच्या ९७ जागा संपेपर्यंत दुखणं कळलं नसतं. पूल असल्यामुळे ते दहालाच कळतं. एका अर्थी हा फायदाच आहे.

उलट बाजूचीही एक चूक विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये फार दिसते. एकच कनेक्शन स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि सगळ्या स्क्रीन्सनी तेच वापरायचं. एका वापरकर्त्याच्या कमिटबरोबर (काम पक्कं करण्याबरोबर) दुसऱ्याचं अर्धवट कामही कमिट होतं, आणि एकाने रोलबॅक केलं (काम रद्द केलं) की दुसऱ्याचं काम पुसलं जातं. परीक्षेच्या दिवशी एकच माणूस चालवतो म्हणून लक्षात येत नाही. कनेक्शन कामापुरतं घ्या आणि त्याच फंक्शनमध्ये परत करा.

पायथॉनमध्ये विथ वापरतो, तरी विंडोजवर डेटाबेसची फाईल डिलीट करता येत नाही, ‘वापरात आहे’ म्हणते. गुजरीतल्या सराफी दुकानासाठी स्टॉकचा प्रोग्रॅम आहे, एसक्यूलाइट.
एक वाचक, महाद्वार रोड

हा सापळा पायथॉनमधला आहे, दोष तुमचा नाही. एसक्यूलाइट३ या मॉड्यूलमध्ये कनेक्शनवर लावलेलं विथ फक्त व्यवहार सांभाळतं. नीट झालं तर कमिट, चूक झाली तर रोलबॅक. कनेक्शन ते बंद करत नाही. फाईल उघडायच्या विथची सवय असते, म्हणून सगळे इथे फसतात. कॉन्टेक्स्टलिब मॉड्यूलमधलं ‘क्लोजिंग’ कनेक्शनभोवती गुंडाळा आणि त्याच्या आत व्यवहारासाठी दुसरं विथ ठेवा. पायथॉन ३.१३ पासून असं न मिटलेलं कनेक्शन राहिलं तर रिसोर्स वॉर्निंग येते. चाचणी करताना वॉर्निंग्ज चालू ठेवा.

पोस्टग्रेससाठी सायकोपीजी२ वापरत असाल तर तिथेही विथ बंद करत नाही. सायकोपीजी ३ मध्ये मात्र करतं. एकातून दुसऱ्यात जाताना हा फरक उलटा बाधतो. विथच्या बाहेर तेच कनेक्शन परत वापरलंत तर ‘बंद आहे’ म्हणून चूक येते.

तुमचा डेटाबेस वॉल पद्धतीत (नवी नोंद आधी वेगळ्या फाईलमध्ये लिहायची पद्धत) असेल तर आणखी एक. फाईलशेजारी ‘-वॉल’ नावाची फाईल दिसते आणि ताज्या नोंदी त्यात असू शकतात. शेवटचं कनेक्शन नीट बंद झालं की त्या मूळ फाईलमध्ये उतरतात आणि ती फाईल जाते. प्रोग्रॅम चालू असताना नुसती मूळ फाईल पेनड्राइव्हवर कॉपी करून बॅकअप घेत असाल तर आजची विक्री त्यात नसेलही. सोन्याच्या दुकानाचा हिशेब आहे, आज रात्रीच तपासा.

गांधीनगरात आमचं होलसेल कापड दुकान, बिलिंग पीएचपी आणि मायएसक्यूएलवर. दिवाळीआधी ‘टू मेनी कनेक्शन्स’ यायला लागलं. मुलाने मर्यादा १५१ वरून १००० केली. एरर गेली, पण सगळं संथ झालं. असं का?
एक वाचक, गांधीनगर

१५१ ही मायएसक्यूएलची मूळ मर्यादा आहे आणि तुमची एरर क्रमांक १०४०. मर्यादा वाढवली की दारात उभे असलेले सगळे आत आले, पण आतले प्रोसेसरचे कोअर आणि डिस्क तेवढेच राहिले. शिवाय प्रत्येक कनेक्शनला स्वतःचा थ्रेड आणि सॉर्ट, जॉइनसारख्या कामांसाठी वेगळी मेमरी लागते. पूर्वी काहींना नकार मिळत होता, आता सगळ्यांनाच उशीर होतोय.

पीएचपीत एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. साधं कनेक्शन स्क्रिप्ट संपली की आपोआप बंद होतं. म्हणून विसरलेलं क्लोज इथे सहसा गुन्हेगार नसतं. संशयित तीन आहेत.

पहिला, पर्सिस्टंट कनेक्शन. पीडीओच्या (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायच्या सोयीच्या) पर्यायांत ‘एटीटीआर पर्सिस्टंट’ खरं केलेलं असेल तर स्क्रिप्ट संपली तरी कनेक्शन त्या वर्करकडे (ती स्क्रिप्ट चालवणाऱ्या वेब सर्व्हरच्या प्रोसेसकडे) राहतं. अपाची प्रीफोर्कमध्ये वर्करची मूळ मर्यादा २५६ आहे. २५६ वर्कर आणि १५१ जागा, हे गणितच जुळत नाही. पर्सिस्टंट बंद करा, किंवा वर्करची संख्या डेटाबेसच्या जागांपेक्षा कमी ठेवा. पीएचपी-एफपीएम असेल तर हीच गोष्ट ‘मॅक्स चिल्ड्रेन’ने होते.

दुसरा, संथ क्वेरी. ‘शो फुल प्रोसेसलिस्ट’ गर्दीच्या वेळी चालवा. कमांडच्या रकान्यात बहुतेक ‘स्लीप’ असतील तर संशय पहिल्यावर किंवा खालच्या तिसऱ्यावर. ‘क्वेरी’ असतील आणि त्यात तेच तेच गिऱ्हाईक-खात्याचं शोधकाम असेल, तर त्या रकान्यावर बहुधा इंडेक्स (लवकर शोधायची सूची) नाही. एक्सप्लेन (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी आज्ञा) लावून बघा आणि इंडेक्स टाका. दोन सेकंदांचं काम वीस मिलिसेकंदांवर आलं की तेवढीच गिऱ्हाइकं शंभरपट कमी कनेक्शनांत बसतात. हे गणित साधं आहे. दर सेकंदाला येणारी कामं गुणिले प्रत्येकाने कनेक्शन धरलेला वेळ. सेकंदाला ५० बिलं आणि प्रत्येकी ०.०२ सेकंद, तर सरासरी एकच कनेक्शन गुंतलेलं असतं. प्रत्येकी २ सेकंद झाले की शंभर.

तिसरा संशयित लोकांच्या लक्षात येत नाही. बिल डेटाबेसमध्ये लिहिलं, मग त्याच स्क्रिप्टमध्ये पीडीएफ बनवलं, मग व्हॉट्सअ‍ॅप किंवा एसएमएस सेवेला पाठवलं. ती सेवा चार सेकंद घेत असेल तर चारही सेकंद कनेक्शन विनाकारण धरलेलं असतं. डेटाबेसचं काम संपताच पीडीओचं व्हेरिएबल नल (रिकामं) करा. त्याच कनेक्शनवरचं स्टेटमेंट दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये उरलं असेल तर तेही नल करावं लागतं, नाहीतर कनेक्शन मिटत नाही. बाहेरच्या सेवेला टाइमआउट लावा, नाहीतर ती सेवा अडली की तुमचं बिलिंगही अडेल.

हे झालं की मर्यादा परत खाली आणा. किती ठेवायची ते ‘मॅक्स यूज्ड कनेक्शन्स’ हा आकडा सांगेल. सर्व्हर सुरू झाल्यापासून एका वेळी जास्तीत जास्त किती लागली, ते त्यात असतं. त्याच्या दीडपट पुरे. ‘वेट टाइमआउट’ही बघा. मुळात तो २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास असतो. निजलेलं कनेक्शन मायएसक्यूएल आठ तास सांभाळतो. वेब बिलिंगला ३०० सेकंद पुष्कळ झाले. फक्त रात्रभर चालणारा एखादा प्रोग्रॅम असेल तर त्याला तुटलेलं कनेक्शन नव्याने जोडता आलं पाहिजे.

नोडमध्ये डॅशबोर्ड आहे, फौंड्रीच्या भट्ट्यांची तापमानं दाखवतो. एरर काहीच नाही, लॉग स्वच्छ, आणि स्क्रीन नुसती फिरत राहते.
एक वाचक, शिवाजी उद्यमनगर

लॉग स्वच्छ आहे म्हणूनच शोध अवघड झालाय. पोस्टग्रेससाठीच्या ‘पीजी’ पॅकेजमध्ये पूलचा मूळ आकार १० आहे आणि कनेक्शनची वाट बघायची मुदत मुळात शून्य, म्हणजे अमर्याद. दहा क्लायंट (इथे कनेक्शनला क्लायंट म्हणतात) गळाले की अकरावा कायमचा थांबतो आणि तक्रारही करत नाही. ‘कनेक्शन टाइमआउट मिलिस’ ५००० करा. आजार बरा होणार नाही, पण बोलायला लागेल.

मग पूल डॉट कनेक्ट कुठे कुठे लिहिलंय ते सगळ्या कोडमध्ये शोधा. प्रत्येक ठिकाणी ट्राय आणि फायनली हवं आणि रिलीज (कनेक्शन परत करणं) फायनलीतच हवं. मधेच रिटर्न करणारी एखादी इफ असते, बहुधा तिथेच गळती असते. एकच क्वेरी असेल तर कनेक्ट मुळीच नको. पूल डॉट क्वेरी घेणं-देणं स्वतः करतं. व्यवहार असेल तर मात्र बिगिनपासून कमिटपर्यंत एकच क्लायंट लागतो. तिथे पूल डॉट क्वेरी वापरलं तर बिगिन एका लाईनवर आणि इन्सर्ट दुसऱ्या लाईनवर जाऊ शकतं.

चूक झाल्यावर आधी रोलबॅक, मग रिलीज. रोलबॅकच फसलं तर रिलीजला ट्रू द्या. ते क्लायंट पूलमध्ये परत न जाता मोडीत निघतं. पूलवर ‘एरर’चा श्रोता लावायला विसरू नका, निवांत पडलेलं कनेक्शन तुटलं आणि तो नसेल तर अख्खी नोड प्रोसेस पडते. भट्टीवरच्या माणसाला शेवटचं तापमान दिसत राहणं आणि ते जुनं आहे हे न कळणं धोक्याचं आहे. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी त्याची वेळही दाखवा.

पूलचा आकार किती ठेवावा?
तिघांनी विचारलं आहे

वाटतो त्यापेक्षा लहान. पोस्टग्रेसच्या जगात वापरलं जाणारं सुरुवातीचं सूत्र असं: डेटाबेस सर्व्हरच्या कोअरची संख्या गुणिले दोन, अधिक डिस्क. चार कोअर आणि एक डिस्क असेल तर नऊ. तिथून मोजत वर-खाली करा. आणि गुणाकार विसरू नका. अ‍ॅपच्या चार प्रती आणि प्रत्येकीत ३० चा पूल म्हणजे १२०, आणि पोस्टग्रेसकडे जागा ९७. नवी आवृत्ती चढवताना जुनी आणि नवी काही वेळ शेजारी शेजारी चालतात, तेव्हा तर दुप्पट लागतात. प्रती फारच असतील तर मध्ये पीजीबाउन्सर (सगळ्या प्रतींसाठीचा सामाईक पूल) बसवा. पण त्याच्या ट्रान्झॅक्शन पद्धतीत प्रत्येक व्यवहाराला वेगळं कनेक्शन मिळू शकतं, त्यामुळे सेशनवर सेट केलेली मूल्यं आणि लिसनसारख्या (सूचनांची वाट बघायच्या) गोष्टी भरवशाच्या राहत नाहीत.

मी डीबीव्हर (डेटाबेस बघायचा प्रोग्रॅम) दिवसभर उघडं ठेवतो. नुसतं बघण्यासाठी. त्याने काही बिघडतं का?
एक वाचक, राजारामपुरी

ऑटो-कमिट (प्रत्येक आज्ञा आपोआप पक्की होणं) चालू असेल तर एक जागा अडते, एवढंच. मॅन्युअल कमिटवर असाल तर बिघडतं. नुसत्या सिलेक्टनेही व्यवहार सुरू होतो आणि तुम्ही जेवायला गेलात की तो ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ म्हणून लटकतो. त्या सिलेक्टने तक्त्यावर हलकं कुलूप ठेवलेलं असतं. दुपारी कुणी तोच तक्ता बदलायला ऑल्टर टेबल चालवलं की ते तुमच्यामागे थांबतं, आणि त्या ऑल्टरच्या मागे त्या तक्त्यावरच्या साध्या क्वेरीही थांबतात. एका उघड्या खिडकीमुळे सगळं ऑफिस अडतं आणि कारण कुणाला सापडत नाही. व्यवहाराची आयसोलेशन पातळी (इतरांच्या बदलांपासून तो किती वेगळा राहतो) वर नेलेली असेल, तर जुन्या ओळींचा कचराही व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या साफसफाईला) तोपर्यंत काढता येत नाही.

ऑटो-कमिट लावा. बघण्यासाठी वेगळा, फक्त वाचायची परवानगी असलेला यूजर घ्या आणि त्या यूजरवर ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट’ पाच मिनिटांचा ठेवा. पोस्टग्रेस ९.६ पासून ही सोय आहे, पण मुळात बंद असते.

आमच्या दूध संकलन केंद्रावरचा पीसी नेटवरून थेट कोल्हापुरातल्या पोस्टग्रेसला जोडलेला आहे. पावसाळ्यात लाईट मधेच जाते. परत आल्यावर आमची एंट्री होत नाही, तास-दोन तास नुसतं थांबतं. आम्ही तर काहीच उघडं ठेवलेलं नाही.
एक वाचक, राधानगरी तालुका

तुम्ही नाही, पण सर्व्हरला ते माहीत नाही. प्रोग्रॅम नीट बंद झाला तर ‘चाललो’ असा निरोप जातो. लाईट गेली तर तो जात नाही. सर्व्हरच्या दृष्टीने तुमचं जुनं कनेक्शन अजून चालू आहे, आणि त्यात व्यवहार अर्धवट असेल तर त्याने धरलेल्या ओळी कुलपातच आहेत. लाईट आल्यावर तुमचीच नवी एंट्री त्या कुलपामागे थांबते.

दोन तासांचा आकडाही उगाच नाही. लिनक्स शांत पडलेल्या लाईनवर मुळात ७२०० सेकंदांनी पहिली हाक मारतो, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ हाका. उत्तर नाही आलं तर लाईन मेली असं धरतो. एकूण २ तास ११ मिनिटं १५ सेकंद.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना सांगा, पोस्टग्रेसमध्येच ‘टीसीपी कीपअलाइव्हज’ची तीन मूल्यं बदला: पहिली हाक ६० सेकंदांनी, पुढच्या १० सेकंदांच्या अंतराने, एकूण ६. मेलेलं कनेक्शन दोन मिनिटांत सुटेल. त्याबरोबर वर सांगितलेला आयडल इन ट्रान्झॅक्शनचा टाइमआउट एका मिनिटाचा.

पण मुळात व्यवहार इतका वेळ उघडा का राहतो, हेही बघायला हवं. सभासद क्रमांक टाकताच प्रोग्रॅम व्यवहार सुरू करतो आणि दूध मोजून, फॅट-एसएनएफ येऊन, पावती छापून झाल्यावर कमिट करतो, अशी रचना असेल तर प्रत्येक सभासदामागे मिनिटभर कुलूप. लिटर, फॅट, एसएनएफ सगळं आधी पीसीवर गोळा करा. मग कनेक्शन घ्या, लिहा, कमिट करा, परत करा. हे काही मिलिसेकंदांत होतं, आणि लाईट नेमकी त्याच क्षणी जाण्याची शक्यता फार थोडी उरते.

तरी ती गेलीच, तर कमिट झालं की नाही हे पीसीला कळत नाही. ऑपरेटर सुरक्षिततेसाठी परत एंट्री करतो आणि एकाच सभासदाचं दूध दोनदा जमा होतं. म्हणून तक्त्यावर तारीख, सकाळ-संध्याकाळ, सभासद आणि पीसीनेच दिलेला पावती क्रमांक यांची मिळून युनिक की (दुबार न चालणारी खूण) ठेवा. त्याच क्रमांकाने परत पाठवलेली नोंद मग डेटाबेसच नाकारेल. तो नकार आल्यावर कनेक्शन फायनलीतून परत जातं ना, ते कागलच्या वाचकांना सांगितलेल्या चाचणीने तपासून घ्या.